गाठीचे नाव काय?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातली एक शस्त्रक्रिया जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजली होती. रुग्ण आपल्याच वऱ्हाडातला, बुलडाणा जिल्ह्यातला सतरा वर्षांचा मुलगा. खालचा जबडा उजव्या बाजूने सुजलेला. दीड वर्ष तो हे दुखणे सोसत होता आणि गावाकडे कुणालाच त्याचे नेमके निदान करता आले नव्हते. हा कॅन्सर तर नसेल ना, या धास्तीने वडील त्याला मुंबईला घेऊन गेले. डॉक्टरांनी जबड्यातली गाठ उघडली, तर आत मोत्यांसारखे बारीक दात! एक काढावा तर दुसरा दिसे. सुमारे सात तास काम चालले. मोजले तेव्हा ते २३२ भरले. तोंडातले नेहमीचे २८ दात जागेवर शाबूत राहिले आणि मुलगा बरा झाला.

लोकांच्या लक्षात राहिला तो २३२ हा आकडा. पुढे २०१९ मध्ये चेन्नईत सात वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातून ५२६ दात निघाले, तेव्हा तोही आकडा मागे पडला. माझ्या मनात मात्र राहिली त्या वडिलांची धास्ती. कारण त्या गाठीचे नाव होते ओडोन्टोम, आणि ओडोन्टोम म्हटले की ती खरवडून काढली, काम संपले. त्याच वयात, त्याच जागी, तशीच सूज देणारी दुसरी एक गाठ असते. तिचे नाव वेगळे असते आणि त्या नावापायी कधीकधी अर्धा जबडा कापावा लागतो. बाहेरून गालाकडे पाहून या दोघींतला फरक सांगता येत नाही.

मी मुखविकृतिशास्त्राचा डॉक्टर आहे. लोकांना हा विषय ठाऊक नसतो, कारण रुग्णाची आणि आमची गाठ क्वचितच पडते. दुसऱ्या डॉक्टरने काढलेला मांसाचा किंवा हाडाचा तुकडा आमच्याकडे बाटलीतून येतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि त्याचे नाव सांगायचे, हे आमचे काम. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत दंत महाविद्यालये असल्यामुळे अशा बाटल्या आता नागपूर-मुंबईला पाठवाव्या लागत नाहीत. तरीही गाठ काढून ती कचऱ्याच्या डब्यात टाकून देण्याचे प्रकार पूर्ण थांबलेले नाहीत. म्हणून आजचा विषय.

शरीरात दोनशेच्या वर हाडे आहेत. मग या गाठी जबड्यातच का होतात? याचे उत्तर सोपे आहे : दात जबड्यातच घडतात. आईच्या पोटात गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना, पुढे जिथे हिरडी होणार त्या जागेवरच्या आवरणातून पेशींची एक पट्टी आत उतरते. तिच्यावर जागोजागी कोंब धरतात आणि एकेका कोंबातून एकेक दात घडतो. दात घडला की या पेशींचे काम संपते. पण पेरणी करताना तिफणीतून चार दाणे सांडतात आणि धुऱ्यावर पडून राहतात, तसे या पेशींचे बारीक पुंजके हिरडीत, दाताच्या मुळांभोवती, न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती उरतात. मुळांभोवतीच्या पुंजक्यांचे वर्णन मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये केले आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जातात. हे पुंजके तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या जबड्यात आहेत. बहुतेकांच्या जबड्यात ते जन्मभर निमूट पडून राहतात. एखाद्याच्या जबड्यात मात्र कधी किडलेल्या दाताच्या चिथावणीने, तर कधी काहीच कारण न कळता त्यांना कोंब फुटतो.

हा कोंब दोन तऱ्हांनी वाढतो. एक म्हणजे सिस्ट. हाडाच्या आत एक पिशवी तयार होते, तिला आतून पेशींचे अस्तर असते आणि पोटात पाणी असते. आपल्याकडे हिला सरळ ‘पाण्याची गाठ’ म्हणतात आणि ते नाव वाईट नाही. दुसरा म्हणजे ट्यूमर, मराठीत अर्बुद. यात पेशीच आपल्या मनाने वाढत सुटतात. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ट्यूमर म्हणजे कॅन्सर नव्हे. दाताच्या पेशींपासून होणारे बहुसंख्य ट्यूमर कॅन्सरचे नसतात. ते शरीरात दूरवर पसरत नाहीत. कॅन्सरचे जे असतात ते फारच विरळा.

आता सिस्टकडे वळू. हिच्यातही जाती आहेत आणि आमच्याकडे येणाऱ्या बाटल्यांत सर्वांत जास्त हीच असते.

अकोल्याचे एक शिक्षक आठवतात. वरचा पटाशीचा एक दात काळा पडलेला. लहानपणी विटी-दांडू खेळताना विटी लागली होती. दुखणे दोन दिवसांत थांबले, दात हळूहळू काळा पडला, पुढे तीस वर्षे कुणी त्याकडे पाहिले नाही. मग ओठाच्या वर, नाकपुडीखाली फुगवटा आला. झाले असे, की त्या माराने दाताची नस मेली. मेलेल्या नसेतली घाण मुळाच्या टोकातून हाडात झिरपत राहिली, तिने तिथल्या मालासेच्या पुंजक्यांना डिवचले आणि त्यांची सिस्ट झाली. जबड्यातल्या दातजन्य सिस्टपैकी निम्म्याहून अधिक या जातीच्या असतात. हिचा उपाय सोपा. दाताची रूट कॅनॉल करा किंवा दात काढा आणि पिशवी काढून टाका. वरूड-मोर्शीच्या संत्र्याची साल जशी हाताने सुटते तशी ही पिशवी हाडापासून सुटते. दात काढला आणि पिशवी आतच राहिली, तर तीच पुढे दात नसलेल्या जागी वाढत राहते. ‘दातच नाही तर गाठ कसली?’ असे विचारणारे रुग्ण भेटतात, त्यांचे हे उत्तर.

दुसरी जात न उगवलेल्या दाताची. बहुधा खालची अक्कलदाढ किंवा वरचा सुळा. दात हाडातच अडकलेला असतो आणि त्याच्या डोक्याभोवती पाणी साचून टोपीसारखी पिशवी होते. पिशवीची कड नेमकी दाताच्या मानेला चिकटलेली असते. दात आणि पिशवी एकत्र काढली की प्रश्न मिटतो.

तिसरी जात मात्र अवघड आहे. हिचे नाव केराटोसिस्ट. हिच्या पोटात स्वच्छ पाणी नसते, दह्याच्या चोथ्यासारखा पांढुरका ऐवज असतो. अस्तर अवघे सहा-आठ पेशींच्या जाडीचे, शेंगदाण्याच्या टरफलासारखे पातळ. काढताना फाटते आणि एखादा तुकडा मागे राहतो. शिवाय मुख्य पिशवीच्या भिंतीत तिच्या लहान लहान लेकी असतात. आपल्या काळ्या जमिनीतला कुंदा ज्यांनी खणला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. वरून रान स्वच्छ दिसते, खाली एक कांडे राहिले की पुढच्या पावसात पुन्हा कुंदाच कुंदा. केराटोसिस्ट अशीच परत येते, बहुधा पहिल्या पाच वर्षांत, पण कधीकधी दहा वर्षांनंतरसुद्धा. आणि ती लबाडही आहे. बाकीच्या गाठी हाडाला बाहेर फुगवतात, ही हाडाच्या पोकळीतून लांबीने सरकत जाते. गाल फुगेपर्यंत तिने दाढेपासून कानाजवळच्या हाडापर्यंत मजल मारलेली असते. एकाच माणसाच्या जबड्यात अशा तीन-चार सापडल्या तर आम्ही त्याचे तळहात आणि छातीचा एक्स-रेही पाहतो. तळहातावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे, छातीत एखादी दुभंगलेली बरगडी दिसली, तर तो आनुवंशिक आजार असू शकतो आणि मग घरातल्या इतरांनाही तपासावे लागते.

आता गंमत पाहा. या तिन्ही गाठी एक्स-रेमध्ये कशा दिसतात? काळी गोल सावली, भोवती पांढरी रेघ. बस्स. सावली कुठे आहे, दाताशी तिचे नाते काय, यावरून अंदाज बांधता येतो. पण शेवटी तो अंदाजच.

या अंदाजाची परीक्षा पाहणारी एक तरुणी मूर्तिजापूर भागातून आली होती. वय एकोणीस. खालची अक्कलदाढ हाडात आडवी, तिच्याभोवती काळी सावली. पुस्तकातल्या चित्रासारखी दुसऱ्या जातीची सिस्ट. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी शहाणपण केले. आधी छोटा तुकडा काढून पाठवला. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तरातल्या सर्वांत खालच्या पेशी दाटीने, उभ्या, रांगेत लागलेल्या आणि त्यांची केंद्रके उलट्या टोकाला सरकलेली. ही खूण अमेलोब्लास्टोमाची. सिस्टचे सोंग घेऊन आलेला हा ट्यूमर तरुण वयातच जास्त दिसतो. तो नुसता पिशवीच्या आतल्या बाजूला आहे की भिंतीत शिरला आहे, यावर पुढचा बेत ठरतो. तिच्या बाबतीत तो भिंतीत शिरलेला नव्हता. थोडक्यात निभावले. पण तो तुकडा आधी आला नसता तर कुणाला काय ठाऊक होते?

अमेलोब्लास्ट म्हणजे दातावरचे कठीण, पांढरे एनॅमल तयार करणारी पेशी. तिच्यासारख्या पेशींची ही गाठ, म्हणून अमेलोब्लास्टोमा. तिशी-चाळिशीतल्या माणसांत, खालच्या जबड्याच्या मागच्या भागात ती जास्त होते. दुखत नाही, हीच तिची मोठी खोड. ‘दुखत त नाई साहेब, पन गाल काऊन फुगला?’ असे म्हणत माणूस वर्षा-दोन वर्षांनी येतो. तोपर्यंत एक्स-रेमध्ये हाडाचे मेळघाटातल्या मोहोळासारखे कप्पे कप्पे झालेले असतात. ही गाठ कॅन्सर नाही. पण दिसते त्याच्या पलीकडे, चांगल्या वाटणाऱ्या हाडाच्या जाळीत तिचे धागे गेलेले असतात. म्हणून नुसती खरवडून भागत नाही. भोवतालचे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर निरोगी हाडही तिच्याबरोबर काढावे लागते. कधी जबड्याचा आख्खा तुकडा जातो आणि पायातल्या नडगीशेजारचे बारीक हाड आणून तिथे बसवावे लागते. २०१४ मध्येच या गाठीतल्या अनेकींत एका विशिष्ट जनुकाचा, बीआरएएफचा, बिघाड सापडला. त्या बिघाडावरची औषधे त्वचेच्या एका कॅन्सरसाठी आधीपासून होतीच. ती काही रुग्णांत वापरून पाहिली गेली आहेत आणि गाठी आक्रसल्याचे दिसले आहे. मात्र अजून मुख्य उपाय सुरीचाच.

नावाने किती फरक पडतो, याचा इतिहासातला सर्वांत बोलका दाखला एका गरीब स्वभावाच्या गाठीचा आहे. ही बहुतेक किशोरवयीन मुलींमध्ये होते, वरच्या जबड्यात, न उगवलेल्या सुळ्याभोवती. अंगाला जाड वेष्टन असते, बोटाने ढकलली तरी सुटून येते, पुन्हा होत नाही म्हटले तरी चालेल. पण विसाव्या शतकाच्या मध्याला तिला नाव पडले ‘अडिनो-अमेलोब्लास्टोमा’. शेवटचा शब्द ऐकताच शस्त्रक्रिया करणारे दचकत आणि गरज नसताना मुलींच्या जबड्याचे मोठे भाग कापले जात. १९६९ मध्ये फिलिप्सेन आणि बिर्न या दोघांनी तिचे नाव बदलायला सुचवले. आज तिला अडिनोमॅटॉइड ओडोन्टोजेनिक ट्यूमर म्हणतात. उच्चारायला नवे नाव जुन्याहून अवघड आहे, हे मान्य. पण अमेलोब्लास्टोमा हा शब्द त्यातून गेला आणि कितीतरी चेहरे वाचले.

हे नावे ठेवण्याचे काम जुने आहे. मेंदूतले वाचेचे केंद्र शोधणारे फ्रान्सचे पॉल ब्रोका तुम्हाला ठाऊक असतील. त्यांनीच १८६९ च्या सुमारास दाताच्या गाठींची पहिली पद्धतशीर मांडणी केली. त्यांनी सगळ्यांना एकच आडनाव दिले, ओडोन्टोम. सुरुवात म्हणून ते ठीकच होते. पण एका आडनावाखाली गरीब आणि द्वाड सगळ्याच गाठी आल्या आणि पुढची शंभर वर्षे प्रत्येक देशात, प्रत्येक पुस्तकात वेगळी यादी झाली. लंडनचा डॉक्टर एक म्हणे, शिकागोचा दुसरे. उपचारांची तुलना तरी कशी करायची? अखेर १९७१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक अधिकृत वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याच्या कर्त्यांत डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग प्रमुख होते.

पिंडबोर्ग यांचे नाव महाराष्ट्रात कृतज्ञतेने घ्यायला हवे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांच्याबरोबर त्यांनी आपल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांची तोंडे तपासण्याच्या मोठ्या पाहण्यांत भाग घेतला. महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक गावकऱ्यांच्या तपासणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यावर त्यांचेही नाव आहे. तंबाखूने तोंडात काय होते, हे जगाला शिकवण्यात त्या पाहण्यांचा मोठा वाटा आहे. दाताच्या एका दुर्मीळ ट्यूमरला पिंडबोर्ग ट्यूमर असेच म्हणतात.

हे वर्गीकरण काही शिलालेख नव्हे. १९९२, २००५, २०१७, २०२२ असे ते पुन्हा पुन्हा सुधारले गेले. यातला २००५ चा बदल आमच्या व्यवसायात वादळ उठवून गेला. मघाशी सांगितलेली ती हट्टी केराटोसिस्ट. तिला हे नाव १९५६ मध्ये फिलिप्सेन यांनीच दिले होते. पन्नास वर्षे ती सिस्टच्या यादीत होती. २००५ मध्ये तिला तिथून उचलून ट्यूमरच्या यादीत बसवले गेले, नावही बदलले आणि त्या पुस्तकातले तिच्यावरचे प्रकरण लिहिणारे पुन्हा फिलिप्सेनच! कारण दिले गेले ते असे : ती वारंवार परत येते, हाड कुरतडते आणि तिच्यात पीटीसीएच नावाच्या जनुकाचा बिघाड आढळतो. बारा वर्षांनी, २०१७ मध्ये, ती परत सिस्टच्या यादीत आली. तसाच बिघाड इतर सिस्टमध्येही सापडू लागला होता. शिवाय पिशवीला भोक पाडून ते काही महिने उघडे ठेवले, तर ती आक्रसते आणि तिचे अस्तर साधे होते, हेही दिसत होते. खरा ट्यूमर नुसते पाणी वाहून गेल्याने असा शहाणा होत नाही.

मला विचाराल तर २००५ चा बदल घाईचा होता. त्या बारा वर्षांत ‘ट्यूमर’ हा शब्द लिहिलेला अहवाल हातात घेऊन हवालदिल झालेली माणसे मी पाहिली आहेत. मुलीचे लग्न ठरायचे आहे, आता काय सांगायचे, असे विचारणारे आईवडील पाहिले आहेत. गाठ तीच होती, बदलला होता फक्त कागदावरचा शब्द. पण न्यायाने हेही सांगायला हवे, की त्या बदलामुळे शस्त्रक्रिया करणारे सावध झाले. पिशवी काढल्यावर भोवतालच्या हाडावर जंतुनाशकासारखे जळजळीत द्रावण लावणे, हाडाचा पातळ थर खरवडणे, वर्षानुवर्षे रुग्णाला बोलावत राहणे, हे सारे जास्त मनावर घेतले गेले. नाव परत बदलले, ती सावधगिरी टिकली, हे बरे झाले.

कुणाकडे जुना, २००५ ते २०१७ मधला अहवाल असेल आणि त्यात ‘केराटोसिस्टिक ओडोन्टोजेनिक ट्यूमर’ असे लिहिले असेल, तर तो फेकू नका आणि घाबरूही नका. आपल्या डॉक्टरांना दाखवा. ती आजची केराटोसिस्ट आहे आणि तिची तपासणी चालू ठेवायची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता नाव ठरते कसे, तेही सांगतो. काढलेला तुकडा लगेच फॉर्मलिनच्या पाण्यात टाकावा लागतो, नाहीतर तो सडतो. मिठाच्या पाण्यात घालून, एस.टी.ने दुसऱ्या दिवशी पोचलेली बाटली उघडण्याचा अनुभव मी इथे वर्णन करत नाही. तुकड्यात हाड किंवा दात असला तर तो आम्लात ठेवून मऊ करावा लागतो, त्याला काही दिवस जातात. मग मेणाच्या ठोकळ्यात बसवून यंत्राने त्याचे काप घ्यायचे, मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्श्याइतके पातळ. ते काचेवर घेऊन जांभळ्या-गुलाबी रंगाने रंगवायचे. तेव्हा कुठे पेशी बोलू लागतात. म्हणून अहवालाला आठ-दहा दिवस लागले तर त्रागा करू नये.

आणि नुसती बाटली पुरत नाही. रुग्णाचे वय, गाठीची जागा, एक्स-रे हेही बरोबर हवे. गाठीत पू झाला असेल तर केराटोसिस्टचे ते खास अस्तर सुजून साध्या सिस्टसारखे दिसू लागते. अशा वेळी एक्स-रे पाहिला तर आम्हाला शंका येते आणि आम्ही दुसऱ्या जागचा तुकडा मागतो. एक्स-रे नसला तर अहवालात साधी सिस्ट लिहिली जाते आणि रुग्ण दोन वर्षांनी परत येतो. तुकडा काढल्याने गाठ चवताळते, अंगभर पसरते, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट आहे. या गाठींच्या बाबतीत तिला काही आधार नाही. उलट तुकडा न तपासताच मोठी शस्त्रक्रिया केली, तर नुकसान दोन्हीकडून संभवते : गरज नसताना जबडा जातो किंवा गरज असताना राहतो.

दर्यापूर तालुक्यातले एक शेतकरी होते. वय पंचेचाळीस. सात-आठ वर्षांपूर्वी कुठेतरी खालच्या जबड्याची गाठ काढून घेतली होती. आता त्याच जागी पुन्हा सूज. मी विचारले, ‘तेव्हा काय निघाले होते?’ म्हणाले, ‘गाठ व्हती. काढली, फेकली. कागद त काई देल्ला नाई.’ त्या एका वाक्याने आम्ही सगळेच अडकलो. ती केराटोसिस्ट होती आणि परत आली, की साध्या सिस्टचा तुकडा राहून गेला, की मुळापासून अमेलोब्लास्टोमाच होता? नव्याने तुकडा काढून तपासला तेव्हा अमेलोब्लास्टोमा निघाला, आणि तोपर्यंत तो हाड फोडून बाहेरच्या स्नायूंत शिरला होता. जबड्याचा डावा भाग काढावा लागला. पायाचे हाड बसवले, ते जगले. आता ते भाकरी कुस्करून खातात आणि दर वर्षी कपाशीची वेचणी आटोपली की तपासणीला येतात. पहिल्या वेळी काढलेली गाठ चार पैशांच्या फॉर्मलिनमध्ये टाकली असती, तर कदाचित एवढे हाड गेले नसते. हे ‘कदाचित’ मी मुद्दाम म्हणतो, कारण पहिली गाठ कोणती होती हे आता कधीच कळणार नाही.

खर्रा, गुटखा, तंबाखू खाणाऱ्या श्रोत्यांसाठी एक वेगळा खुलासा हवा. आज मी ज्या गाठींबद्दल बोललो त्यांचा खर्ऱ्याशी संबंध नाही. त्या कधीही सुपारी न चाखलेल्या लेकरांनाही होतात. पण म्हणून ‘डॉक्टर रेडिओवर म्हणाले, गाठ म्हंजे कॅन्सर नाई’ असे कुणी घेऊन बसू नये. खर्ऱ्याचा कॅन्सर हाडातल्या दाताच्या पेशींतून येत नाही. तो गालाच्या, जिभेच्या, हिरडीच्या वरच्या अस्तरात सुरू होतो. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, तिखट न सोसणे, या त्याच्या वाटा आहेत. त्यावर एक वेगळे भाषण होईल.

शेवटी, या विषयावर बोलले की हमखास विचारला जाणारा प्रश्न : दात आलाच नाही तर काय करायचे? मुलांचे वरचे सुळे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतात. चौदा वर्षे झाली, एका बाजूचा सुळा आला आणि दुसऱ्या बाजूला अजून दुधाचाच दात हलत नसेल, तर एकदा एक्स-रे काढावा. अक्कलदाढेचेही तसेच. प्रत्येक न आलेली अक्कलदाढ काढलीच पाहिजे असे नाही. दहा माणसांच्या दाढा हाडात स्वस्थ झोपलेल्या असतात. विशी-पंचविशीत पूर्ण जबड्याचा एक एक्स-रे काढला, तर दाढेच्या डोक्याभोवती एक बारीक काळी कडी दिसते. ती दोन-तीन मिलिमीटरची असेल तर दाढेची नेहमीची पिशवी आहे, तिला हात लावू नये. त्याहून रुंद असेल, किंवा दोन वर्षांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये वाढलेली दिसली, तर दाढ काढून घ्यावी. आणि दाढ काढताना तिच्याभोवतीची पिशवीही बाटलीत घालून पाठवायला डॉक्टरांना सांगावे.